बंद करायचं नाही, झोपवायचं

२ फेब्रुवारी, सोमवार

जळला! बटण दाबलं, आत फट् झालं आणि दुकानभर जळका वास. साडेचार महिन्यांनी पहिल्यांदा ह्यांच्या काँप्युटरला हात लावला, तर त्यानं असं तोंडात मारलं. सवत कुठली!

हो, सवतच म्हणायचे मी त्याला. ह्यांच्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर, लेकीसमोर.

हात लावायचा नव्हताच खरं तर. हे डिझाइनवाले, मी मशीनवाली. सव्वीस वर्षं दुकान असंच चाललं. ह्यांनी काँप्युटरवर एकेक टाका आखायचा, पेन ड्राइव्हवर घालून द्यायचा, आणि मी फ्रेममध्ये कापड ताणून भरतकामाच्या मशीनवर काढायचं. हे गेल्यापासून जुन्या डिझाइनांवर भागवत होते. पण हॉटेलच्या बाईंना टॉवेलवरचं नाव मोठं करून हवंय. आणि लेकीला सातवा लागलाय. तिनं बातमी दिली त्याच आठवड्यात ह्यांनी बाळाच्या दुलईचं डिझाइन सुरू केलं होतं. बदक आणि मागे रांगेत सात पिल्लं. किती झालंय तेही मला माहीत नाही. सगळं त्या जळक्या डब्यात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

स्क्रू येऊन गेला. काँप्युटर दुरुस्त करणारा, ह्यांचा दोस्त. कुठलंही यंत्र उघडून परत बसवलं की त्याच्याकडे एक स्क्रू उरतोच, म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. तोंडावर म्हणायचे, तोही हसायचा.

"वहिनी, डबा मेला. पण डिस्क जिवंत आहे."

"मग दुसऱ्या डब्यात घाला."

"इतक्या जुन्या सिस्टिमला चालेल असा डबा आता कुठे मिळतोय? आपण डबाच खोटा बनवू."

मला वाटलं थट्टा करतोय. तर नाही. लेकीनं पाठवलेला नवा लॅपटॉप आहे ना, त्याच्या आत एक खोटा काँप्युटर बनवायचा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरं तर तो एक प्रोग्रॅमच, पण आतल्या सिस्टिमला भासवतो की हा डबा, ही मेमरी, ही डिस्क, हा पडदा. तिला पत्ताच लागत नाही की आपण दुसऱ्याच्या पोटात बसलोय. जुनी डिस्क अख्खी उतरवून एका मोठ्या फाइलमध्ये ठेवायची आणि ती फाइल तिला डिस्क म्हणून द्यायची.

"म्हणजे ह्यांचा काँप्युटर जसाच्या तसा?"

"जसाच्या तसा. वॉलपेपरसकट."

पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. 

९ फेब्रुवारी, सोमवार

स्क्रू म्हणाला, डिस्क उतरवतोय तोवर तुम्ही रिकामी मशीनं बनवून शिका. "बनवा, मोडा, परत बनवा. काही जळत नाही." पन्नाशी उलटलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे कमालच!

बनवलं पण! नाव द्यायचं, मेमरी किती द्यायची ते सांगायचं, डिस्क किती मोठी ते सांगायचं. मी उदारपणे जवळजवळ सगळी मेमरी आतल्याला देऊन टाकली. लॅपटॉप असा गारठला की बाणसुद्धा हलेना. स्क्रूला फोन केला, तर पलीकडून हसणं. "वहिनी, भाडेकरूला अख्खं घर दिलंत, मालक राहणार कुठे?"

हे मात्र डोक्यात बसलं. एक खोली द्यायची, तीही बेतानं. दुसरं मशीन बनवलं, त्यात फुकट मिळणारी सिस्टिम घातली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक खिडकी आणि त्या खिडकीत दुसरा काँप्युटर हळूहळू जागा होतोय! एकटीच टाळ्या वाजवत बसले. मग वाटलं, ह्यांना किती मजा आली असती. मग काही करावंसं वाटेना.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तीन बनवली, तीन मोडली. बॉबिनी भरून बोटाला दोऱ्याचा काप पडलाय.

बॉबिनींचं लिहायचं राहिलंय कधीपासून. मशीनला खालून जो दोरा लागतो त्या चकत्या. मला तो उद्योग आवडत नाही, हे ह्यांना ठाऊक. रोज सकाळी दुकान उघडलं की पत्र्याच्या डबीत बारा बॉबिनी भरलेल्या असायच्या. हे माझ्याआधी तास-दीड तास उठायचे, तेवढ्यात उरकत असणार. मी कधी विचारलं नाही आणि ह्यांनी कधी सांगितलं नाही. शेवटच्या दिवशीची डबी तशीच आहे, बाराच्या बारा. तिला हात लावत नाही. रोजच्या लागतील त्या स्वतः भरते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

उघडला.

ह्यांचा पडदा. डाव्या बाजूला फोल्डरांची ओळ, एकही वेडंवाकडं नाही. वॉलपेपरला लेकीचा दात पडलेला फोटो. खाली डिझाइनचा प्रोग्रॅम. तो उघडायला एक काळं डोंगल लागतं, पेन ड्राइव्हसारखं. ते लॅपटॉपला लावून वर मेन्यूतून 'हे आतल्याला दे' असं सांगावं लागतं, नाहीतर आतल्याला ते दिसतच नाही. दिलं. प्रोग्रॅम उघडला आणि शेवटची फाइल आपोआप समोर आली.

बदक. मागे चार पिल्लं पूर्ण. पाचव्याची नुसती रेघ, त्याला डोळासुद्धा नाही.

स्क्रू घसा खाकरत बाहेर जाऊन उभा राहिला. मला घसा खाकरणारी माणसं नकोत सध्या.

परत आल्यावर त्यानं दोन गोष्टी बजावल्या. एक — "ह्याला बंद करायचं नाही, झोपवायचं." जुनी सिस्टिम नवं अंग बघून बिथरली आहे. बंद करून परत चालू केली तर ओळख पटवा म्हणून अडून बसेल, आणि ओळख पटवणारी कंपनीची सोय कधीच बंद पडली आहे. म्हणून संध्याकाळी 'आहे तसं जपून ठेव' हेच दाबायचं. सकाळी उठवलं की जिथं होतो तिथंच. दुसरी — त्यानं एक स्नॅपशॉट घेऊन ठेवलाय. मशीनचा आत्ताचा क्षण, पूर्ण. काहीही बिघडलं तरी ह्या क्षणाला परत येता येतं. नाव काय देऊ विचारलं. मी म्हटलं, 'पहिला दिवस'.

 परत येता येतं म्हणाला.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज खरं लिहिते. मला डिझाइन हवंय, पण त्याहून जास्त ह्यांचा आवाज हवाय.

फोटो पन्नास आहेत, सगळे गप्प. फोनवर बोलणं टेप करायचं म्हटलं की हे लांब पळायचे. एकच जागा आहे — हा काँप्युटर. ह्यांनी त्याचे आवाज बदलून स्वतःचे घातले होते. सकाळी चालू झाला की, "हं, बोला मालक!" काही चुकलं की, "अगं थांब थांब!" गिऱ्हाइकं खो खो हसायची.

काल उघडला तेव्हा मुका होता. आणि आता बंद करायचा नाही म्हणे. बंद नाही केला तर चालू कसा होणार? आणि चालू झाला नाही तर "बोला मालक" कोण म्हणणार?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

स्क्रूला विचारलं, आतला आवाज बाहेर का येत नाही. "डिझाइनला आवाज कशाला लागतो, वहिनी?" नवऱ्याचा आवाज ऐकायचाय असं काय सांगू त्याला! म्हटलं, लागतो.

साधी गोष्ट निघाली. मशीनच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेर सोडायची खूणच केलेली नव्हती. केली. मुद्दाम चुकीचं बटण दाबलं. आतून आवाज आला — टिंग.

नुसतं टिंग. मग आठवलं. "अगं थांब थांब" मीच काढायला लावलं होतं. किती वर्षं झाली त्याला! गिऱ्हाइकांसमोर शोभत नाही म्हणून.

सकाळचं "बोला मालक" मात्र काढलं नव्हतं. ते रोज मला स्वयंपाकघरात भिंतीपलीकडून ऐकू यायचं. ते आत आहेच. फायलींत शोधायला गेले, तर ह्यांनी सगळ्या फायलींना नुसते आकडे दिलेत, हजारांनी. शिवाय चोरून काढायचा नाहीये मला तो. यायचा तसाच आला पाहिजे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पाचवं पिल्लू हातात घेतलं. मशीन मी चालवते, म्हणजे कापडावर काय ओढलं जाईल ते मला कळतं. पण टाका कुठल्या कोनात टाकायचा, एका ठिकाणाहून दुसरीकडे दोरा न तोडता कसं जायचं, ह्यात नाकी नऊ आले. ह्यांची चार पिल्लं एकाच पिवळ्या दोऱ्याची, पण प्रत्येकाचा कोन थोडा वेगळा, म्हणून प्रत्येक वेगळं चमकतं. माणूस हे कधी बोलला नाही!

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी 'पहिला दिवस'वर परत गेले. कालचं काम पुसलं गेलं, पण होतं तरी काय त्यात! ह्यांनी सोडलं तसं बघायचं होतं. पाच मिनिटं बघितलं आणि नव्यानं सुरू केलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीचा फोन. "आई, तू आणि काँप्युटर? बाबा काय म्हणाले असते!" मी म्हटलं, म्हणाले असते की सवतींचं जमलं एकदाचं. ती हसता हसता रडायला लागली. आता तिला रडवायचं नाही असं ठरवलंय.

पाचव्याला डोळा आला.

५ मार्च, गुरुवार

सहावं पूर्ण. लॅपटॉपची जागा संपत आली. मी रोज हौसेनं स्नॅपशॉट घेत होते, तेरा झाले होते! स्क्रू ओरडला. "प्रत्येक स्नॅपशॉट जागा खातो, वहिनी. एवढे काय करायचेत?" सगळे पुसले, 'पहिला दिवस' तेवढा ठेवला.

८ मार्च, रविवार

हे आज लिहिते. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

दुकानामागेच स्वयंपाकघर. मध्ये एक भिंत. रोज आठला मी हाक मारायची, "जेवायला चला!" पलीकडून लगेच, "आलो गं, आलोच!" आणि वर एकदा घसा खाकरणं. रोज तीच चाल, रोज तेवढंच खाकरणं. आणि मग अर्धा तास पत्ता नाही. भिंतीपलीकडून त्या काँप्युटरच्या पंख्याची घरघर चालूच. मी चिडायची. तोंडानं आलो म्हणायचं आणि हात माउसवर. भाजी दोनदा गरम करायची. कितीदा म्हटलं, लग्न माझ्याशी केलंत की तिच्याशी? हे नुसते हसायचे.

त्या संध्याकाळीही हाक मारली. "आलो गं, आलोच!" घरघर चालू. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "राहा तिथेच. तिच्याशीच जेवा." एकटी जेवले आणि पडले. हे कधी आले, काय खाल्लं, माहीत नाही. सकाळी हलवलं तर अंग गार.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच.

शेवटचं वाक्य ते. दुसरं कुठलंही चाललं असतं.

११ मार्च, बुधवार

सातवं झालं! सगळी सात. सातव्याला मी मान मागे वळवलेली दाखवली, ते मागे कोणी राहिलं का बघतंय. उद्या पेन ड्राइव्हवर घेणार. आज नुसतं बघत बसले.

१२ मार्च, गुरुवार

घात केला. स्वतःच्या हातानं.

आज ह्यांचा वाढदिवस. सकाळी वाटलं, एकदा ह्यांच्या हातचं, ह्यांनी सोडलं तसं बघावं. पाच मिनिटं. मग परत येईन. 'पहिला दिवस'वर गेले, रिस्टोअर दाबलं. त्यानं विचारलंही — आत्ताच्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊ का? तिथली खूण मीच काढली. जागा खातो ना! आणि 'हो' म्हटलं.

बदक. चार पिल्लं. पाचव्याची रेघ.

परत यायला काही उरलंच नव्हतं. तीन पिल्लं, तीन आठवडे, मान वळवलेलं ते सातवं — कुठेच नाही. एवढा वेळ मी मागे जायला शिकत होते, पुढे यायचं कसं ते विचारलंच नव्हतं.

१३ मार्च, शुक्रवार

स्क्रू आला. त्यानंही हात टेकले. म्हणाला, चूक माझी, सांगायला हवं होतं. आतलं काम आत ठेवायचंच नसतं. त्यानं एक सामाईक फोल्डर करून दिला. आतूनही दिसतो, बाहेरूनही. त्यात ठेवलेलं बाहेरच्या लॅपटॉपवर राहतं, आतल्या मशीनचं काहीही होवो.

जाताना उंबऱ्यात थांबला. "वहिनी, एवढं मागे काय बघायला गेला होतात?"

सांगितलं. आवाजाचंही सांगून टाकलं. त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मग एकदा बंद करून चालू करा की! अडून बसला तर बसला, स्नॅपशॉट आहे. फक्त काम आधी बाहेर काढा." त्याला वाटलं होतं, मला हे माहीत आहे. मी 'बंद करायचं नाही' एवढंच धरून बसले होते.

हात शिवशिवले. पण नाही. आधी पिल्लं. त्या आवाजासाठी आणखी एकदा सगळं पुसायची तयारी नाही माझी.

१४ मार्च, शनिवार

लेक म्हणाली, चारच ठेव ना आई, बाबांची. मी म्हटलं, बाबांनी सात म्हटलं होतं.

१९ मार्च, गुरुवार

पाचवं आणि सहावं. मागच्या वेळी दोन आठवडे लागले होते, आता पाच दिवस. हातांना आठवत होतं. रोज सामाईक फोल्डरमध्ये, रोज पेन ड्राइव्हवर, आणि लेकीलाही मेल. दुधानं पोळलेली बाई आता ताकही फुंकते, असं म्हणून स्क्रू हसला. हसू दे.

२२ मार्च, रविवार

सातवं. मान वळवलेलं. मागच्यापेक्षा चांगलं आलंय.

२८ मार्च, शनिवार

दुलई झाली. भरायला दोन दिवस, एकदाही दोरा तुटला नाही. खिडकीजवळ धरली तर सातही पिल्लं वेगवेगळी चमकली. ह्यांची कुठली आणि माझी कुठली, हे लेकीला ओळखता येणार नाही. आज पार्सल गेलं.

हॉटेलच्या बाईंचे टॉवेलही गेले. आतल्या मशीनमध्ये आता मला लागेल असं काही उरलेलं नाही. आवाजाची खूण पुन्हा करून ठेवलीय, उद्या बंद करून चालू करते. "हं, बोला मालक!" रात्रभर झोप येते की नाही कोण जाणे.

२९ मार्च, रविवार

दाबलं. झोपवलं नाही — बंद. कान सकाळच्या आवाजाकडे लावून बसले होते. तो येणार होता पुन्हा चालू केल्यावर.

त्याच्या आधीच आला. बंद होता होता.

"आलो गं, आलोच!"

आणि वर खाकरणं. तीच चाल, तेवढंच.

खिडकी काळी झाली. मी ह्यांच्या खुर्चीत, तोंड भिंतीकडे.

म्हणजे मी हाक मारली की हे काँप्युटर बंद करायचे. त्याच क्षणी, रोज. मग ती घरघर पंख्याची नव्हती. आत्ता उठून बॉबिनी भरायचं यंत्र चालू केलं, स्वयंपाकघरात जाऊन ऐकलं. तीच घरघर. बारा बॉबिनींना अर्धा तास लागतो.

सकाळी उठून भरतात असं वाटायचं मला. त्या सकाळी तर हे उठलेच नाहीत, आणि डबीत बारा भरलेल्या होत्या.

आणि मी म्हटलं होतं, तिच्याशीच जेवा.